शरीराचे विणकाम आणि येशूचे पवित्र हृदय

माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'ऊती' या विषयावर एक पाठ असतो. आमच्या धर्मग्रामातील मुले तो शाळेत घोकतात आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊन बसतात. जून महिन्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीविषयी आम्ही बोलू लागलो, की एखादा चुणचुणीत मुलगा हात वर करतो. "फादर, हृदय म्हणजे स्नायूच ना? मग स्नायूची भक्ती कशी करायची?" वर्गात हशा पिकतो. परंतु हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी रोम नगरीत खुद्द ख्रिस्तसभेच्या एका अधिकाऱ्याने याच जातीचा प्रश्न उपस्थित केला होता आणि पवित्र हृदयाचा सण त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे अडून राहिला होता. हा इतिहास आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. तो सांगावयाचा तर प्रथम ऊती म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

'ऊती' हा शब्द विणकराच्या घरचा आहे. 'वे' म्हणजे विणणे, या संस्कृत धातूपासून 'ऊत' म्हणजे विणलेले, हे रूप होते. आपण 'ओतप्रोत' म्हणतो तेव्हा आडव्याउभ्या धाग्यांचेच नाव घेत असतो. फ्रेंच भाषेतही या वस्तूला विणलेल्या कापडाचेच नाव आहे. एकसारख्या पेशी एकत्र येऊन एकच कार्य करू लागल्या, की त्यांचे जे कापड तयार होते ती ऊती. अशी चार प्रकारची कापडे मानवी देहात आहेत. अभिस्तर ऊती ही अंगावरची आणि आतली अस्तरे होत. त्वचेचा वरचा थर, तोंडाचा व आतड्याचा आतला पापुद्रा, ग्रंथींचे स्राव तयार करणाऱ्या पेशी, या सर्व तिच्यात येतात. तिच्या पेशी एकमेकींना खेटून बसतात, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि ती सतत झिजते व सतत नवी होते. आतड्याचे अस्तर तर थोड्याच दिवसांत बदलून जाते. संयोजी ऊतीचा संसार याच्या उलट. पेशी विरळ आणि त्यांच्यामधील द्रव्य अधिक. ते द्रव्य कठीण झाले की अस्थी, लवचीक राहिले की कास्थी, दोरासारखे वळले गेले की स्नायुरज्जू, पातळ राहिले की रक्त. बांधणे, आधार देणे, साठवणे, वाहून नेणे ही तिची कामे. तिसरी स्नायू ऊती. आकुंचन पावणे हा तिचा धर्म. चौथी चेता ऊती संदेश आणते आणि नेते.

स्नायूचे पुन्हा तीन प्रकार. हाडांना जोडलेले स्नायू आपल्या इच्छेने हलतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. जठर, आतडे, रक्तवाहिन्या यांतले स्नायू बिनपट्ट्यांचे असून ते आपल्याला न विचारता काम करतात. हृदयाचा स्नायू या दोहोंच्या मध्ये आहे. पट्टे पहिल्यासारखे, वागणूक दुसऱ्यासारखी, आणि तंतूंना फाटे फुटून ते एकमेकांत असे गुंतलेले, की सारे मिळून एकाच ठोक्याला आवळले जातात. चेतेकडून हुकूम आला नाही तरी हृदय आपल्या आपण ठोका देते. इतके बारकावे आज शाळकरी मुलाला ठाऊक असतात. परंतु हृदय हे स्नायू आहे, एवढे एक वाक्य सिद्ध होण्यासाठी सतरावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले.

उशीर का झाला? "ख्रिस्तसभेने शवविच्छेदनाला बंदी घातली म्हणून", असे उत्तर पुष्कळ सुशिक्षित माणसे देतात. ते अर्धवट आहे. पोप बोनिफास आठवे यांनी १२९९ साली आज्ञापत्र काढले हे खरे. पण ते निराळ्याच प्रथेविरुद्ध होते. परदेशी मरण पावलेल्या सरदारांची प्रेते तोडून, उकळून, नुसती हाडे मायदेशी नेण्याची चाल पडली होती, तिला त्यांनी मनाई केली. त्या आज्ञेची छाया शरीररचनेच्या अभ्यासावर अजिबात पडली नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बोलोन्याच्या मोन्दीनो या अध्यापकाने १३१६ च्या सुमारास शवविच्छेदनावर ग्रंथ लिहिला, त्यात कानाजवळची काही हाडे उकळल्याशिवाय नीट दिसत नाहीत, पण पापाच्या भयाने आपण तसे करीत नाही, असे त्याने सांगितले आहे. तरी तोच मोन्दीनो त्याच बोलोन्यात उघडपणे शवविच्छेदन करीत होता आणि कोणी त्याचा हात धरला नाही.

किंबहुना याच्या काही वर्षे आधी, १३०८ साली, इटलीतील मोंतेफाल्कोच्या मठात धर्मभगिनींनी स्वतःच्या हातांनी एक हृदय उघडले होते. त्यांची मठाध्यक्षा क्लारा निवर्तली होती. (असिसीची संत क्लारा ती वेगळी.) येशूचा क्रूस आपल्या हृदयात आहे, असे ती म्हणत असे. देह टिकवून ठेवण्यासाठी भगिनींनी तो उघडला, हृदय बाजूला काढले, चिरले, आणि आत त्यांना मांसाचाच क्रूस आणि दुःखसहनाची साधने दिसली. पुढे चौकशी झाली, साक्षी झाल्या. क्लाराला संतपद मिळाले ते १८८१ साली. हृदयाच्या आत स्नायूंचे उंचवटे असतात आणि झडपांना बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या असतात. आजचा डॉक्टर तिकडे बोट दाखवील. त्या भगिनींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या प्रेमाने त्यांनी ते हृदय हाती घेतले त्या प्रेमानेच त्यांना पाहावयास शिकविले होते. ज्या ख्रिस्तसभेने संतांचे अवशेष जपले, संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात १६१४ साली गोव्याहून रोमला नेला, तिला मृत देहाची शिसारी होती असे म्हणता येत नाही. अडचण शिसारीची नव्हती. प्रेमाला जे पाहावेसे वाटते आणि डोळ्यांना जे दिसते, यांतले अंतर राखण्याची होती.

ते अंतर ज्याने राखले तो माणूस कॅथलिक घरात जन्मला नव्हता. नील्स स्टेन्सन, लॅटिन रूपात स्टेनो, १६३८ साली कोपनहेगन येथे एका लूथरन सोनाराच्या पोटी जन्मला. सोनाराच्या दुकानात वाढलेल्या मुलाचे हात हलके आणि नजर बारीक असावी, यात नवल नाही. १६६० साली ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचे डोके सोडवीत असता कानाजवळच्या ग्रंथीतून लाळ तोंडात आणणारी नलिका त्याला सापडली. ज्यांच्या घरी तो उतरला होता त्या प्राध्यापकांनी शोध आपलाच म्हणून सांगितला. वाद माजला, पण नलिका आजही स्टेनोच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर लायडन येथे त्याने जनावरांची हृदये उलगडावयास घेतली.

त्या काळी हृदयाविषयी काय समज होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या कामाचे मोल कळते. इंग्लंडच्या हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण दाखवून दिले होते, तरी हृदय ही देहातील उष्णतेची चूल आहे, प्राणवायू तेथे तयार होतात, आत्म्याचा वावर तेथे आहे, अशा कल्पना मोठमोठे विद्वान बाळगून होते. देकार्तसारख्या तत्त्ववेत्त्याने हृदयातील उष्णतेवर शरीराची सारी यंत्रणा रचली होती. स्टेनोने काय केले? हृदयाचे वेष्टन सोलले आणि धागा धागा मोकळा केला. तंतू, तंतूंच्या टोकांना स्नायुरज्जूचे द्रव्य, रक्तवाहिन्या, चेता, पातळ पडदा. मग पायाचा स्नायू घेतला. तेच सर्व. हृदयात असे काही आढळले नाही जे स्नायूत नाही, आणि स्नायूत असे काही आढळले नाही जे हृदयात नाही. १६६३ साली त्याने हे आपल्या गुरूंना, बार्टोलिन यांना, पत्राने कळविले आणि पुढच्याच वर्षी स्नायू व ग्रंथी यांवरील पुस्तकात छापले. त्याचे वय तेव्हा सव्वीस.

या शोधाचा त्याच्या स्वतःच्या मनावर झालेला परिणाम आम्हांस अधिक बोलका वाटतो. पुढे बिशप झाल्यावर १६७७ साली जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांना लिहिलेल्या पत्रात तो याविषयी सांगतो. ज्या तत्त्ववेत्त्यांवर आपला पूर्ण भरवसा होता त्यांनी हृदयासारख्या हाताने चाचपता येणाऱ्या वस्तूविषयी इतके चुकीचे लिहिले असेल, तर परमेश्वर आणि आत्मा यांविषयी त्यांनी बांधलेल्या इमल्यांवर विसंबावे कसे, असा त्याचा आशय आहे. सामान्यतः आपण ऐकतो की विज्ञानाने श्रद्धा डळमळते. येथे एका स्नायूने तत्त्वज्ञानाचा अहंकार डळमळीत केला आणि माणूस श्रद्धेच्या वाटेला लागला.

१६६६ साली तो इटलीत आला. लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून तो विचारात पडला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १६६७ च्या नोव्हेंबरात त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्याच वर्षी स्नायूंच्या भूमितीवरचे त्याचे पुस्तक निघाले. स्नायू आवळताना फुगून मोठा होत नाही, त्याचा केवळ आकार बदलतो, हे त्यात त्याने मांडले. समकालीन पंडितांनी ते उडवून लावले. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याचे म्हणणे पुन्हा तपासले गेले आणि मानले गेले. १६७५ साली तो धर्मगुरू झाला, १६७७ साली बिशप. पुढे त्याने शस्त्र बाजूला ठेवले याची खंत शास्त्रज्ञांना आजही वाटते. भाविक चरित्रकार उलट बोलतात: आधी तो सांसारिक विद्येत अडकला होता, मग सुटला. आम्हांस हे दोन्ही पटत नाही. १६८३ साली म्युन्स्टर येथे बिशपपदाच्या निवडणुकीत पैशाचा व्यवहार झाला, तेव्हा त्या निषेधार्थ पद सोडून निघून जाणारा स्टेनो आणि हृदयात स्नायूखेरीज काही दिसले नाही असे सांगणारा स्टेनो, एकच होत. १६८६ साली श्वेरीन येथे दारिद्र्यात त्याचा अंत झाला. देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झोच्या मंदिरात पुरण्यात आला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यपद दिले.

ज्या वर्षी स्टेनोला गुरुदीक्षा मिळाली त्याच १६७५ साली फ्रान्समधील पारे-ले-मोन्याल येथे संत मार्गारेट मेरी अलाकोक यांना येशूच्या हृदयाचे ते दर्शन झाले, ज्यात त्याच्या सन्मानार्थ सण पाळण्याची मागणी होती. हृदय स्नायू ठरले आणि हृदयाची भक्ती वाढीस लागली, ती एकाच पिढीत. दोन प्रवाह कुठे तरी भेटणारच होते. ते रोममध्ये भेटले.

१७२६ च्या सुमारास येशूसंघीय फादर गालिफे यांनी पवित्र हृदयाच्या सणास मान्यता मागितली. धर्मविधी मंडळापुढे अशा अर्जातील दुबळ्या जागा दाखविण्याचे काम प्रॉस्पेरो लँबर्तिनी यांच्याकडे होते. हे बोलोन्याचे. मोन्दीनोचे बोलोन्या, आणि मार्चेल्लो माल्पिगी यांचेही. माल्पिगींनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या आणि हार्वेंच्या साखळीतली हरवलेली कडी जोडली. त्वचेचा एक थर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अखेरची वर्षे ते पोप इनोसंट बारावे यांचे वैद्य होते व १६९४ साली रोममध्येच वारले. अशा नगरीत वाढलेल्या लँबर्तिनींनी गालिफे यांच्या अर्जातील नेमका तोच धागा पकडला. हृदय हे प्रेमाचे व सर्व भावनांचे प्रत्यक्ष इंद्रिय आहे, या आधारावर अर्ज उभा होता. लँबर्तिनींचे म्हणणे पडले की हा शरीरशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा वादग्रस्त प्रश्न आहे, नवे विद्वान भावनांचे स्थान मेंदूत मानतात, आणि ख्रिस्तसभेने यावर काही निर्णय दिलेला नाही. अनिर्णित शास्त्रावर सण कसा उभारावा? १७२९ पर्यंत अर्ज दोनदा नाकारला गेला.

याला श्रद्धेचा अभाव म्हणावे काय? आमच्या मते ही त्या भक्तीची मोठी सेवा होती. कारण पोलंडच्या बिशपांनी पुन्हा विनंती केली तेव्हा मांडणी बदललेली होती. हृदय हे प्रेमाचे चिन्ह होय, प्रतीक होय. प्रेम तयार करणारी ग्रंथी किंवा भट्टी नव्हे. १७६५ साली पोप क्लेमेंट तेरावे यांनी त्या स्वरूपात मान्यता दिली. १८५६ साली पोप पायस नववे यांनी सण सर्व ख्रिस्तसभेला लागू केला, आणि त्याच्या शताब्दीनिमित्त १९५६ साली पोप पायस बारावे यांनी परिपत्रक काढून या भक्तीचे विवरण केले. येशूला आपल्यासारखेच रक्तमांसाचे हृदय होते, म्हणूनच ते चिन्ह पोकळ नाही. वर्गातल्या त्या मुलाला आम्ही हेच सांगतो: हृदय स्नायू आहे ते उत्तमच. त्याला भाला लागू शकला तो त्यामुळेच.

लँबर्तिनींची कथा येथे संपत नाही. ते बोलोन्याचे आर्चबिशप झाले. १७३७ साली त्यांनी विद्यापीठाला शवविच्छेदनासाठी देह मिळावेत म्हणून जाहीर सूचनापत्र काढले व त्या कामाला आपला आशीर्वाद आहे असे कळविले. १७४० साली ते पोप बेनेडिक्ट चौदावे झाले आणि बोलोन्यात मेणाच्या शरीरप्रतिमांचे संग्रहालय त्यांनी उभे करविले. हे आम्ही मुद्दाम लिहितो. नेत्रदानाचा अर्ज भरावयाचा म्हटले की आपल्या धर्मग्रामांत अजूनही कुजबुज होते: "पुनरुत्थानाच्या दिवशी फादर, माझा माणूस आंधळा उठला तर?" १९५६ साली पोप पायस बारावे यांनी नेत्रदान हे धर्मबाह्य नसल्याचे स्पष्ट केले, त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. डोळ्यांतून काढतात ते पारपटल, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा. त्यात रक्तवाहिनी नसते, आणि म्हणून दुसऱ्याचे शरीर ते सहसा परके मानीत नाही. देहातील इतकी समजूतदार ऊती दुसरी सापडणे कठीण.

ऊतींचे शास्त्र खऱ्या अर्थाने उभे केले ते मारी फ्रान्स्वा झेवियर बिशा या फ्रेंच तरुणाने. नावातील झेवियर ते आपल्या जुन्या गोव्यात विसावलेल्या संताचे. १७७१ साली जन्म, १८०२ साली मृत्यू. तिशी पार केली इतकेच. ख्रिस्तसभेने त्याच्यावर आपला हक्क सांगावा असे त्याच्या आयुष्यात काही नाही, आणि केवळ नावावरून तसा सांगू नये. पॅरिसच्या ज्या रुग्णालयात तो काम करी त्याच्या नावाचा अर्थ मात्र 'ईश्वराचे घर'. ते शतकानुशतके धर्मभगिनींच्या सेवेवर चाललेले होते. क्रांतीने त्याचे नावही बदलून पाहिले. तेथे एका हिवाळ्यात बिशाने सहाशेहून अधिक प्रेते उघडली म्हणतात. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. त्यातून ज्याला जे हवे ते दिसते, असे त्याचे मत. तो ऊती शिजवी, वाळवी, आम्लात व क्षारात भिजवी, कुजू देई, आणि कोण कशी टिकते ते पाही. १८०१ साली त्याने एकवीस ऊती सांगितल्या. हृदयाला त्याने आतड्याच्या पंक्तीत, इच्छेबाहेरच्या स्नायूंत बसविले. त्याची मोठी देणगी अशी, की रोग अवयवाला होतो हा समज त्याने मोडला. एकाच अवयवाचे अस्तर सुजलेले असेल आणि त्याखालचा स्नायू धडधाकट असेल. पुढे स्टेथॉस्कोप शोधणारे श्रद्धावंत कॅथलिक डॉक्टर लेनेक याच विचारात तयार झाले.

त्या सहाशे जणांविषयी एक शब्द. ते पॅरिसचे गरीब, बेवारस लोक होते. बिशाचे नाव रस्त्यांना आणि रुग्णालयांना मिळाले. त्यांची नावे कोणत्या ग्रंथात नाहीत. नोव्हेंबरात मृत श्रद्धावंतांसाठी मिस्सा अर्पण करताना आम्हांस ती माणसे आठवतात.

एकवीसच्या चार कशा झाल्या, हा तपशील थोडक्यात आटोपता येतो. सूक्ष्मदर्शक सुधारला आणि बिशाने वेगळ्या मानलेल्या पुष्कळ ऊती एकाच घराण्याच्या निघाल्या. १८३९ हे वर्ष या बाबतीत भाग्याचे. त्या वर्षी यान पुरकिन्ये यांनी, हे तरुणपणी पियारिस्ट संघात उमेदवार होते व गुरुदीक्षेपूर्वी बाहेर पडले, मेंढीच्या हृदयाच्या आतल्या बाजूस काही निराळेच तंतू पाहिले. ते हृदयाचा ठोका सर्वत्र पोहोचवितात, हे कळावयास १९०६ साल उजाडले. म्हणजे स्टेनोचे म्हणणे खरे ठरले आणि त्यात भरही पडली. आणि त्याच १८३९ साली थिओडोर श्वान यांनी सिद्ध केले की अस्थी काय, स्नायू काय, चेता काय, प्राणिदेहातील प्रत्येक ऊती पेशींपासूनच घडते.

श्वान कोलोनच्या जुन्या येशूसंघीय विद्यालयाचे विद्यार्थी. आपला ग्रंथ छापण्यापूर्वी त्यांनी हस्तलिखित बेल्जियममधील मेखेलनच्या धर्मपीठाकडे तपासणीसाठी पाठविले होते, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यात आक्षेपार्ह काही आढळले नाही. पुढे लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात व नंतर लिएज येथे ते शिकवीत. याच बेल्जियममध्ये बुआ-देन या गावी लुईज लातो नावाच्या गरीब तरुणीच्या अंगावर १८६८ पासून येशूच्या जखमा उमटू लागल्या व शुक्रवारी त्यांतून रक्त वाहू लागले. हजारो लोक लोटले. २६ मार्च १८६९, उत्तम शुक्रवार, या दिवशी श्वान यांना परीक्षेसाठी नेण्यात आले. ऊतींचा मोठा जाणकार, तोही कॅथलिक. पुढे छापून आले की हा चमत्कार असल्याचे श्वान यांनी मान्य केले आहे. त्यांनी तसे काही म्हटलेले नव्हते. १८७५ साली त्यांनी स्वतंत्र पुस्तिका काढून त्या दिवशीच्या परीक्षेविषयी आपले मत स्वतःच्या नावाने मांडले आणि आपल्या तोंडी घातलेले वाक्य नाकारले. स्वधर्मीयांकडूनच त्यांना बोल ऐकावे लागले. त्यांनी उत्तर बदलले नाही आणि ख्रिस्तसभाही सोडली नाही. ११ जानेवारी १८८२ रोजी, शालेय वर्षे जिथे घालविली त्याच कोलोनमध्ये, त्यांचे निधन झाले.